बेडकांचा वाटा

सातोबाच्या माळावर चढून आलेल्या माणसाला तळे दिसते ते काम अर्धवट टाकून कोणी निघून गेल्यासारखे. तीन बाजूंचा काठ आणि मधला तळ घोटलेल्या अंगणासारखा कडक आहे. ओहोळाचे पाणी जिथून आत येते तो वरचा कोपरा मात्र नुसता चिखल, आणि त्याला बाभळीच्या काट्यांचे कुंपण. माळावर इतकी मेंढरे चरतात, पण त्या कोपऱ्यात एकाही खुराचा ठसा सापडत नाही.

पाहुणे विचारतात, एवढे तळे राबून तयार केले, मग हा कोपराच का सोडला? त्यांना वर घेऊन आलेला कोळवाडीचा म्हातारा तेव्हा दगडावर टेकतो. चढाने त्याला धाप लागलेली असते. त्याने हे आजोबांकडून ऐकले, आणि त्यातले किती त्यांचे, किती त्याच्या पदरचे, हे आता त्यालाही नीट सांगता येत नाही. पण तो सांगतो ते असे.

फार मागे या माळावर म्हाकूबा नावाच्या धनगराचा वाडा उतरत असे. वाडा म्हणजे भिंतींचा नव्हे. बरोबर चालणारी घरे, घोडी, कुत्री आणि मेंढरे यांचा मिळून वाडा. पावसाळाभर तो माळावर असायचा आणि दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जायचा. म्हाकूबाचे सगळे आयुष्य असे वर-खाली करण्यात गेले होते. गुडघे गेले होते. वाट चालताना तो पुढचा दगड नजरेत धरायचा आणि तिथे पोचल्यावर त्याच्या पुढचा. वाड्याचा म्होरक्या तोच असल्यामुळे बसायची सोय नव्हती. म्होरक्या बसला की मागची मेंढरे बसतात आणि माणसेही.

माळावरचे तळे जुने होते, कोणी खोदले ते ठाऊक नाही. गाळाने ते भरत आले होते आणि तळाला पाझरत होते. दसऱ्याच्या आतच पाणी संपायचे. मग वाडा वेळेआधी घाट उतरायचा, आणि खाली कोकणात भात अजून शेतात उभे असायचे. उभ्या भातात मेंढरू कोण घालू देईल? गावोगाव लोक काठ्या घेऊन वेशीवर यायचे. त्या वर्षी अशाच एका वेशीवर म्हाकूबाच्या धाकट्या भावाच्या डोक्यात दगड बसला आणि तो परत आला नाही. त्याची बायको जिवाई कपाळ पुसून वाड्याबरोबर चालत राहिली. तेव्हा म्हाकूबाने सर्वांसमोर भंडारा उचलून शपथ घेतली की पुढच्या साली तळे दिवाळीपर्यंत पाणी धरील.

चैत्र सरल्यावर वाडा माळावर आला आणि अख्खा वाडा गाळ उपसायला लागला. खालचे शेतकरी बैलगाड्या घेऊन आले आणि गाळ शेतात नेऊ लागले. ओहोळाकडच्या कोपऱ्यात जिवाईने एक मोठे ढेकूळ फोडले तर आत बेडूक निघाला. पाय पोटाशी घेतलेले, डोळे मिटलेले, अंगावर वाळक्या कातडीचा पापुद्रा. दुसरे फोडले, त्यातही तसाच.

"भावजी, इकडं या की," तिने हाक मारली. "हितं सगळी निजल्यात. ह्यो कोपरा आसाच ऱ्हाऊ द्या म्हनते मी."

म्हाकूबा काठीवर रेलून उभा होता. "आन् पाणी त्याच कोपऱ्यातनं गळालं म्हंजे?"

"बाकीचं धरंल की. ह्यांचंबी घरच हाय न्हवं."

म्हाकूबाच्या बहिणीचा मुलगा सोमा पाटी टाकून हसला. "मामी, आता बेडकांच्या सोयरिकीबी तूच जमीव. हळद लावायला मी येतो."

सगळे हसले. म्हाकूबाला हसूही आले नाही. जिवाई म्हणते त्यात काहीतरी आहे, असे त्याला वाटले होते म्हणे. पण कोपरा सोडायचा म्हणजे आड बांध घालायचा आणि आणखी दगड वाहायचे. त्याचे पाय कापत होते. "पाऊस लागला की उठतील त्यांची ती," तो म्हणाला. "हून जाऊ दे पुरं एकदाचं."

मग वळवाची सर पडून तळ ओला झाला. तेव्हा धनगरांना ठाऊक असलेली जुनी रीत त्यांनी केली. सगळा कळप तळ्यात उतरवला आणि गोल गोल फिरवत ठेवला. मेंढराचा खूर लहान, पण भार मोठा. हजारो खुरांनी माती अशी घोटली जाते की पाण्याला खाली वाट उरत नाही. पुढे म्हाकूबाचा म्होरक्या मेंढा, गळ्यात घंटा, आणि त्याच्या मागे सगळा कळप. ओहोळाचा कोपराही तसाच घोटला गेला. जिवाई काठावर पाठ करून बसली होती.

पावसाने तळे भरले. पाणी हलेना, गळेना. सोमाने मामाला खांद्यावर घेऊन काठाने नाचवले. पण तळे मुके होते. इतर वर्षी बेडकांच्या ओरडण्याने माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू यायचे नाही. या वर्षी पाण्यावर पावसाचा आवाज तेवढा. थोड्या दिवसांत पाणी हिरवे पडले. काठावरून चिलटांचे ढग उठू लागले, मेंढरांच्या नाकपुड्यांत आणि कानांत शिरू लागले. मग मेंढरांची तोंडे सुजली, ओठ जाड झाले, जीभ काळीनिळी पडली. ती लंगडू लागली आणि भरल्या तळ्याच्या काठावर, पाणी समोर असताना, माना टाकू लागली. रोज सकाळी म्हाकूबा काठी टेकत फिरायचा आणि कुठले उठत नाही ते पाहायचा. त्याचा म्होरक्या मेंढाही एका सकाळी उठला नाही. म्हाकूबाने त्याच्या गळ्यातली घंटा सोडली आणि कमरेला खोचली.

वाड्यात बोलणी सुरू झाली. "हा माळच खराब," सोमा म्हणाला. "आमी आमची घरं घिऊन निघतो मामा. ज्याला त्याला वाट मोकळी."

म्हाकूबाला कळत होते की वाडा एकदा फुटला की पुन्हा जुळत नाही. फुटलेला वाडा दुसऱ्यांच्या वेशीवर एकेकटा मार खातो. त्याने कुदळ घेतली, ओहोळाच्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात उतरला आणि घोटलेला तळ फोडायला लागला.

"घातलं! मामानं तळं घातलं फोडून!" सोमा धावत आला. "म्हातारचळ लागला का तुमाला? हाय ते पाणीबी घालवताय!"

"जाईल थोडं," म्हाकूबा म्हणाला. "त्यांच्या वाट्याचं जाईल."

कोणी मदतीला आले नाही. फक्त जिवाई पदर खोचून पाण्यात आली आणि सुटलेली ढेकळे हाताने उकलू लागली. त्यांतले बहुतेक निजलेले बेडूक पुन्हा उठणारे नव्हते. तिने ते एकेक करून काठावर ठेवले. ती त्याला एक शब्दही बोलली नाही, आणि ते त्याला कुदळीपेक्षा जड गेले. कोपरा फोडून झाला तेव्हा म्हाकूबाने कमरेची घंटा काढली, तिच्या पोटात लोकर कोंबली आणि ती चिखलात पुरली. "हा कोपरा तुमचा," तो बेडकांना म्हणाला. "हितं खूर पडणार न्हाय. तुमी बोलल्याबिगर माझ्या वाड्यात घंटा वाजणार न्हाय. राखाया मी बसतो."

आणि तो बसला. काही दिवस काहीच झाले नाही. मेंढरे मरत होती, सोमाची घोडी लादून तयार होती. मग एका सकाळी, घंटा पुरली होती तिथला चिखल फुगला आणि त्यातून एक बेडूक वर आला. अंगावरची माती धुतली गेली तसा तो पिवळाधमक दिसला, अंगभर भंडारा फासल्यासारखा. तो ओरडला. खालच्या ओढ्यातून कोणीतरी त्याला उत्तर दिले म्हणे, आणि संध्याकाळपर्यंत ओहोळाच्या वाटेने बेडूक चढून येताना वाड्यातल्या सगळ्यांनी पाहिले. कोणी म्हणतात, ते देवाने पाठवले. कोणी म्हणतात, खालची डबकी आटली म्हणून ते आले. सांगणाऱ्यालाही याचा निवाडा करता येत नाही. चिलटे हटली, पाणी निवळले, उरलेली मेंढरे चरायला लागली. सोमाने घोडीवरचे ओझे उतरवले आणि न सांगता बाभळीच्या फांद्या तोडून कोपऱ्याला कुंपण घातले.

कोपऱ्यातून पाणी थोडे गळतच राहिले, तरी दिवाळी गाठली. वाडा निघायच्या दिवशी सगळे उठले, म्हाकूबा उठला नाही.

"चला मामा," सोमा म्हणाला. "मी घेतो खांद्यावर."

"दुसऱ्यांचे कळप येत्याल मागनं. कुंपण मोडत्याल. म्या राखतो म्हनलोय."

आयुष्यभर त्याला बसायला हवे होते. आता बसायला मिळाले तर मेंढरांचा आवाज घाटाखाली उतरत गेला आणि तो एकटा राहिला. जाताना जिवाईने पिठाचे गाठोडे त्याच्या शेजारी ठेवले. कोपरा घोटला गेल्यापासून ती त्याच्याशी बोलली नव्हती. "बसा आता, भावजी," ती म्हणाली. "लई चाललासा."

पुढच्या चैत्रानंतर वाडा वर आला तेव्हा कुंपण जसेच्या तसे होते. काठी चिखलात रोवलेली, घोंगडी घडी करून ठेवलेली, म्हाकूबा नव्हता. तो कुठे गेला याबद्दल दोन-तीन गोष्टी सांगतात, आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

आजही माळावर येणारा प्रत्येक वाडा तळे उपसतो, गाळ शेतकऱ्यांना देतो आणि मेंढरांच्या खुरांनी तळ घोटतो. तो कोपरा सोडून. घाट चढण्याआधी मेंढरांच्या घंटांत लोकर कोंबली जाते. मग वाड्यातला सर्वांत म्हातारा माणूस कुंपणाशी जाऊन बसतो आणि पहिल्या बेडकाची वाट पाहतो. कधी त्याला दिवसचे दिवस बसावे लागते. तोवर कळप माळावर बिनआवाजाचा हिंडतो, आणि म्हाताऱ्याची भाकर सून तिथेच आणून देते. धनगराच्या वर्षात म्हाताऱ्याला बसायला मिळते ते एवढेच. आत बेडूक ओरडला, तरी त्याला ऊठ असे कोणी म्हणत नाही. तो आपण होऊन उठतो, तेव्हाच घंटांतली लोकर काढतात.