बिनकानाचे कप

परत मलाच सांगायला बसवलं. गवळखिंडीत येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेतो, चटका बसला की ओरडतो, "अहो, याचा कान कुठाय?" आणि हॉटेलवाला बोट माझ्याकडे करतो. माझा चहा निवतो, त्याचं कुणाला काही नाही. बरं, ऐका. मध्ये बोलू नका.

या डोंगरात चहा नवा होता तेव्हाची गोष्ट. खिंडीत पहिली चूल बयाजीनं मांडली. त्याची आई ओढ्याकाठचा गवती चहा खुडून आणायची, आणि त्याच्या वासावर म्हणे बैलगाडीवाले चढ चढायचे. बयाजीच्या फळीवर चांगले कानाचे कप होते. बाहेर बाभळीला एक वेगळा टांगलेला, कान तुटलेला. तो रखमाजीचा. रखमाजी गावकुसाबाहेरचा, घाटात कोसळलेल्या दरडी उपसायचा. बयाजी न शिवता वरून चहा ओतायचा, रखमाजी प्यायचा, कप विसळून परत टांगायचा. तेव्हाची रीतच तशी होती म्हणून लोक सुटतात. बयाजीही सुटत होता.

एका पावसाळ्यात, धुकं दाटलेलं असताना, म्हातारी गवती चहा खुडता खुडता दरीत घसरली. गाडीवाले काठावर उभे राहून नुसत्या हाका मारत होते. रखमाजी उतरला. म्हातारीला पाठीशी बांधून वर आला, गुडघे सोलून निघालेले. बयाजीनं त्याला मिठीच मारली. विटाळ कुणालाच आठवला नाही.

"बस बाबा, आधी चहा घे," बयाजी म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. आणि त्याचा हात गेला तो फळीकडे नाही, बाभळीकडे.

तुटका कप त्यानं रखमाजीपुढे ठेवला, वरून ओतायला किटली उचलली, तेव्हा कुठं आपण काय करतोय ते त्याला दिसलं. रखमाजीनं कप दगडावर पालथा घातला आणि चालू लागला.

घोंगडीतून म्हातारी कण्हत म्हणाली, "मलाबी टांग की बाभळीला. त्याच्याच पाठीवरनं आलेय."

रात्रभर बयाजी चुलीपाशी बसून राहिला म्हणतात. सकाळी चांगल्या कपात चहा घेऊन दरडीपाशी गेला. "चुकलो, रखमाजी."

रखमाजीनं कुदळ थांबवली नाही. "मुद्दाम केलं असतंस तर भांडलो असतो. तुझा हात आपला आपण गेला. आता हाताशी काय भांडू?"

बयाजी परत आला. फळीवरचे सगळे कप त्या दगडावर मांडले आणि वरवंट्यानं एकेकाचा कान फोडला. हाताला निवडायला काही उरूच नये. बाभळ तोडून चुलीत घातली. मग रोज पहिला कप भरून तो दगडावर ठेवायचा आणि वळणाकडे बघत बसायचा. रखमाजी तिथूनच जायचा, मान हलवायचा, थांबायचा नाही. कुणी सांगतात, शेवटी एकदा प्याला. ते आपलं लोकांना बरं वाटावं म्हणून. मी ऐकलं त्यात नाही प्याला. बयाजी मेला त्या सकाळीही कप भरलेलाच होता.

आजही खिंडीत नवा कप आला की आधी त्याचा कान फोडतात, आणि पहिला चहा दगडावर ठेवतात. तो कुणी पीत नाही. चटका बसतो म्हणता? बसू दे. त्यासाठीच आहे तो.

कानाचे कपच हवे असतील तर वरच्या वळणावर नवं हॉटेल आहे, तिथं जा. तिथं मागल्या दाराला खिळ्यावर एक पेला वेगळा टांगलेला मी या डोळ्यांनी पाहिला. तसं बोललो, तर मालकानं सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मला थापाड्या म्हटलं. पेला अजून तिथंच आहे. त्यानं माझी माफी मागितलेली नाही, आणि त्या पेल्यातून पिणाऱ्याचीही नाही. त्या मालकाचं नाव विचाराल तर सांगतो, मला कुणाची भीती आहे? मुरारी खराडे.