पोथीतली खूण

“मग चुकलं कुठं, तेवढं तरी सांगा, माई.”

वैजूनं निरामाईंना विचारलं. गोदेकाठच्या त्या मठीत दुपार पेंगुळली होती. पाण्यावरचं ऊन छतावर हलत होतं आणि माई रंगाची वाटी मांडीवर घेऊन त्याच्याकडंच बघत बसल्या होत्या. वाचणाऱ्याचं पान हरवू नये म्हणून पोथ्यांत घालायच्या रंगीत खुणा त्या करायच्या. कागदाच्या पट्टीवर लुगड्याचा काठ, आणि मधे, पोथी ज्या घरची त्या घरातलं कुणीतरी.

वैजू त्यांच्याच हाताखाली शिकली. पण हात असा, की माईंच्या वरताण. आणि हे वैजूबाईंना चांगलं ठाऊक होतं.

तिनं आपली पट्टी पुढं सरकवली. आईचा चेहरा... आत्ता बोलेल असा. नाकात चमकी, कपाळावरचा व्रण, खाली इरकलीचा लाल काठ.

“आई गेली आणि तात्यांची पोथी बासनात गेली. म्हटलं, ही खूण बघून पुन्हा वाचायला लागतील. तर ते दिवसभर हिच्याकडंच बघत बसतात. पान काही उलटत नाहीत. आता ताटही तसंच परत येतं.” तिनं पट्टीवरून बोट फिरवलं. “मीच त्यांना आणखी दुखवलं, माई.”

“पोथी चालायची तेव्हा आई अशीच बघायची?”

“छे हो. दाराआड बसायची. तोंडावर पदर, पार हनुवटीपर्यंत. तात्यांना वाटायचं, झोपली. ते थांबले रे थांबले, की पदराआडून आवाज यायचा, ‘हं... पुढं?’”

सांगता सांगता वैजूला हसू आलं आणि डोळेही भरले.

माईंनी कुंचला लाल रंगात बुडवला. काठ नीट करतील, असं तिला वाटलं.

कुंचला कपाळावर टेकला. व्रण गेला, डोळे गेले, चमकी गेली. हनुवटीपर्यंत पदर उतरला.

“अहो माई... आईच झाकलीत की तुम्ही...”

ऊन छतावरून भिंतीवर आलं. रंग वाळला.

“आता तात्यांना मी काय दाखवू?” वैजूनं खाली मान घालूनच विचारलं.

माई भिंतीला टेकल्या. स्वतःचा पदर त्यांनी तोंडावर ओढून घेतला, हनुवटीपर्यंत. आणि आतून म्हणाल्या,

“हं... पुढं?”