चंचीचं गुपचूप अंडं

गजराची घड्याळं यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. हौसाक्काच्या परसात चंची नावाची कोंबडी होती. पहाटे अंडं घातलं रे घातलं, की ही बया अख्खी आळी उठेल एवढी कोकलायची!

एक दिवस शेजारचे घारपुरेकाका वैतागून म्हणाले, "आक्का, उद्या पहाटे हिचा आवाज आला ना, तर खुराड्यासकट हिला बाजारात नेऊन विका!"

चंचीची पंचाईतच झाली हो! ओरडावं तर बाजार. गप्प बसावं तर आक्काला वाटणार, हिने अंडी द्यायचं सोडलं, आणि लगेच रश्शाचं वाटण!

मग तिने काय करावं? पहाटे अंडं घातलं, चोच घट्ट मिटली, चवड्यांवर चालत घरात शिरली आणि झोपलेल्या आक्काच्या कानात हळूच कुजबुजली, "आक्का, घातलं हं."

"अगं आई गं! भूत! भूत!"

आक्का अशी किंचाळली, की आळीतली कुत्रीसुद्धा पळाली. घारपुरेकाका पंचा सावरत धावत आले. बघतात तर चंची उंबऱ्यावर चोच मिटून बसलेली, आणि आक्काचं अजून चालूच!

काकांनी कानांवर हात ठेवले. मग म्हणाले, "कोंबडीला राहू दे घरात. आक्का, उद्यापासून खुराड्यात तुम्ही झोपा."