नौकेवरचे उत्तरापोशन

एकदा एक मिठाचा व्यापारी ऐन भोजनाच्या वेळी आचार्यांच्या मठात आला आणि उंबरठ्याबाहेरच थांबला. या म्हटले तरी आत येईना. पाने मांडत असलेल्या तरुण शिष्याने त्याला ओळखले. गावात त्याला कोण ओळखत नव्हते? खाडीच्या मधोमध एक सजवलेली नौका बारा महिने नांगरलेली असे. तिच्यावर फाशांचा जुगार चाले. त्या नौकेवर या शेठजींनी दोन वर्षांत एक मळा, दोन बैलगाड्या आणि पत्नीच्या अंगावरचे सोने घालवले होते.

"महाराज, मला शपथ घाला," शेठजी बाहेरूनच म्हणाले. "पुन्हा फाशाला हात लावणार नाही अशी. आपल्या पायांवर हात ठेवून घेतो."

"आजच का?" आचार्यांनी विचारले.

शेठजींनी कमरेची किल्ली दाखवली. "आता एवढे दुकान उरले आहे. त्यावर माझ्या एकट्याचे पोट नाही. धाकटा भाऊ वारला, त्याची बायको आणि दोन लेकरे त्याच दुकानावर जेवतात. काल ही किल्ली मी पटावर ठेवली होती, महाराज. दान माझ्या बाजूने पडले म्हणून परत आली. घरी कळले. मंडळी म्हणाली, पुन्हा किल्ली पटावर गेली, तर जावेला आणि सगळ्या मुलांना घेऊन मी माहेरी जाईन, आणि तुमच्या तोंडाकडे पाहणार नाही."

"आजवर शपथा किती झाल्या?"

"चार. तीन देवळात, एक आईच्या पायांशी."

"मग पाचवी कशाला? पहिल्या चार अजून नव्याच दिसतात. फारशा वापरलेल्या नाहीत."

शिष्याला हसू आले आणि लगेच त्याची लाज वाटली. बुडणारा माणूस हात मागत होता, आणि गुरुजी विनोद करत होते?

"शपथ मी देणार नाही," आचार्य म्हणाले. "भोजनाला मात्र बसा."

त्या दिवशी नैवेद्याची पुरणपोळी होती. शेठजी पानावर बसले. पोटात अन्न जात नाही, दोन पोळ्या पुरेत, असे त्यांनी आधीच सांगितले. दोन पोळ्या झाल्या.

"वाढ," आचार्य शिष्याला म्हणाले.

"पुरे, महाराज."

"वाढ."

तिसरी वाढली. शेठजींनी ती खाल्ली. चौथीच्या वेळी त्यांनी दोन्ही तळवे पानावर आडवे धरले, लग्नाच्या पंगतीत धरतात तसे. "नको, नको, खरेच नको!" आचार्यांनी शिष्याला नुसती मानेने खूण केली. शिष्याने पोळी बाजूने त्यांच्या बोटांखाली सरकवली आणि वर तूप सोडले. शेठजींनी तीही खाल्ली. पाचवीला त्यांच्या कपाळावर घाम आला. मिताहाराचा पाठ ज्यांच्या तोंडून तो सात वर्षे ऐकत आला होता, ते हेच का? दुःखाने दारी आलेल्या अतिथीला ही शिक्षा कोणत्या शास्त्रात सांगितली आहे?

"वाढ," सहाव्या पोळीला आचार्य म्हणाले.

शेठजींनी कोंडीत सापडलेल्या माणसासारखे इकडेतिकडे पाहिले. मग एकाएकी पेल्यातले पाणी उजव्या तळहातावर घेतले आणि प्राशन केले. ते उत्तरापोशन होते, भोजनाच्या अंती घ्यायचे आचमन. ते घेतल्यावर जेवणारा शितालाही शिवत नाही, आणि कितीही हौशी यजमान असला तरी त्या पानावर वाढायला वाकत नाही.

"थांब," आचार्य तत्क्षणी म्हणाले. "पोळी मागे घे." आणि त्यांनी आग्रहाचा एक शब्दही पुढे काढला नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "शेठजी, पाणी पहिल्यापासून तुमच्या हाताशी होते. दुसऱ्या पोळीनंतरच का घेतले नाहीत?"

"आपण आग्रह करत होतात."

"पाणी घेतले की आग्रह थांबतो, हे ठाऊक नव्हते?"

शेठजी हळू आवाजात म्हणाले, "ठाऊक होते. पण खरे सांगू का, महाराज? पहिल्यांदा पुरे म्हणालो, ते तुम्ही वाढाल म्हणूनच म्हणालो."

"हात धुवा," आचार्य म्हणाले.

एवढेच. शेठजी गेले. त्यांना शपथ मिळाली नाही, आशीर्वाद मिळाला नाही, उपदेशही मिळाला नाही. शिष्य उष्टी काढत राहिला. त्याला काहीच उमगत नव्हते, आणि विचारावे कसे तेही सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी आचार्यांनी त्याला हाक मारली. "शेठजींची किल्ली कोठे आहे, तेवढे पाहून ये. दिवेलागणीच्या आत परत ये."

शिष्य दुकानी गेला. तराजूपाशी शेठजींची भावजय बसली होती. ती म्हणाली, "मोठे भावोजी ना? ते आत्ताच होडीने नौकेकडे गेले."

किल्ली पाहायला आलो होतो हेही तो विसरला. गुरुजींनी शपथ नाकारली, त्याचेच हे फळ, असे त्याला वाटले. तो धावत धक्क्यावर गेला, दुसऱ्या होडीत बसला आणि नौकेच्या शिडीवरून वर चढला.

आत बाहेरचा उजेड येत नव्हता. पडदे सदैव सोडलेले आणि समया सदैव तेवत्या, म्हणजे दुपार कोणती नि सांज कोणती ते कळू नये. दाराशी नाणी घेऊन हस्तिदंती चकत्या देत. हाताला पैशाचे वजन लागतच नसे. शिष्य आत शिरला तेव्हा एक म्हातारा सोनार पटावरून उठत होता.

"काय हो काका, एवढ्यात?" कोणीतरी टोकले. "आत्ता तर दान पडायला लागले!"

"माझ्या दहा चकत्या संपल्या. पैशांची पिशवी खाली होडीवाल्याकडे आहे, आणि परत मागितली तरी देऊ नको असे त्याला सांगून ठेवले आहे. मोठा खाष्ट आहे मेला." म्हातारा हसत शिडी उतरून गेला.

शेठजी पटापाशी उभे होते. बसले नव्हते.

"या, या!" नौकेचा मालक म्हणाला. "तुमची जागा झाडून ठेवली आहे. आणि हे काय, कमरेला किल्ली दिसत नाही?"

"भावजयीच्या हाती दिली. आजपासून दुकान ती उघडते, तीच लावते." शेठजींचा आवाज कोरडा होता. "मी खेळायला आलो नाही. दारावरच्या तुमच्या माणसाला माझा चेहरा दाखवायला आलो आहे. याला पुन्हा शिडी चढू द्यायची नाही, असे त्याला माझ्यादेखत सांगा."

सगळे हसले. मालक सर्वांत मोठ्याने हसला. "शेठ, असे दर महिन्याला कोणीतरी सांगून जाते. चौथ्या दिवशी तेच सर्वांच्या आधी हजर! बसा. एकच डाव. माझ्यातर्फे." त्याने पाच चकत्या पुढे सरकवल्या.

"नको," शेठजी म्हणाले.

शिष्याने तो शब्द ऐकला. काल पानावर म्हटलेला 'नको' अगदी असाच होता. मालकालाही तो तसाच ऐकू आला असावा, कारण त्याने आणखी दोन चकत्या टाकल्या. "संकोच कसला? घरचेच आहे."

शेठजींचा हात पुढे झाला. दोन बोटे वरच्या चकतीला टेकली. ती किती वेळ तिथे होती, हे शिष्याला पुढे कधीच नीट सांगता आले नाही. मग शेठजी वळले, पडदा सारून काठापाशी गेले, शिडीच्या शेवटच्या पायरीवर वाकले आणि ओंजळीत खाडीचे पाणी घेऊन वर आले. निम्मे वाटेतच गळले. उरलेले त्यांनी उजव्या तळहातावर घेतले आणि सर्वांसमोर प्राशन केले. पाणी खारट होते. त्यांचे तोंड वेडेवाकडे झाले.

"झाले," ते म्हणाले. "माझे उत्तरापोशन झाले."

"हे काय जेवण आहे?" मालक पुन्हा हसला. पण आता तो एकटाच हसत होता. पटावर बसलेला प्रत्येक जण पंगतीत वाढलेला होता. पटावर फासे टाकणाऱ्या दुसऱ्या एका वृद्धाने हात लांब करून सातही चकत्या मागे ओढल्या. "मालक, त्यांचे पान उठले. आता वाढू नये," तो म्हणाला. दारावरचा माणूस पुढे आला. त्याने शेठजींचा चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाला, "लक्षात ठेवला, शेठ. उतरा आता. आणि चूळ भरा, पोट बिघडेल."

"मिठाचा व्यापारी आहे, बाबा. एवढ्याने काय होते?" असे म्हणून शेठजी उतरून गेले.

मालकाची दृष्टी शिष्यावर पडली. "शास्त्रीबुवा, तुम्ही तरी बसा! तुम्हाला कसली भीती? तुम्ही तर विरक्त. या चकत्या पडल्याच आहेत."

"नको, नको," शिष्य म्हणाला. आणि तो एक डाव पाहत राहिला. मग दुसरा पाहिला. तिसऱ्यात कोण जिंकतो एवढेच पाहून निघू, असे त्याने ठरवले. होडीवाल्याने चौथ्यांदा हाक मारली, तेव्हा तो शिडी उतरला. बाहेर सूर्य कधीच मावळला होता.

मठात आचार्य जप संपवून बसले होते. शिष्याने सगळे सांगितले. शेवटी न राहवून म्हणाला, "गुरुजी, मी गोंधळलो आहे. शपथ नाकारलीत ती का? आणि खेळ जर वाईटच, तर तो सोनार हसत घरी कसा जातो?"

आचार्य म्हणाले, "पंगतीत पुरे म्हणणाऱ्याला आणि वाढणाऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते की तो शब्द खरा नाही. आपल्याकडे ते आग्रहाचे आमंत्रणच असते. शेठजींच्या चारही शपथा तशा होत्या. त्या त्यांच्या जिभेवर होत्या, आणि भूकही तिथेच होती. मी पाचवी दिली असती, तर मोडण्यासाठी त्यांना आणखी एक मिळाली असती. उत्तरापोशनाची गोष्ट निराळी. ते चारचौघांत होते. अन्नावर जणू झाकण पडते, आणि मग वाढणाऱ्याचाही हात मागे जातो. सोनार उठणे ठरवून मगच बसतो. ठरवतो तेव्हा त्याच्या हातात फासे नसतात, आणि पिशवी ज्याला देतो तो खेळात नसतो. म्हणून त्याची करमणूक करमणूकच राहते. शेठजींना ती सोसत नाही. त्यांनी शिडीच चढू नये. पथ्ये दोन आहेत, पण ठरवण्याची जागा एकच. ती पटाबाहेर आहे."

शिष्याने मान डोलावली. सारे लख्ख झाल्यासारखे त्याला वाटले.

"तुला उशीर झाला," आचार्य म्हणाले.

"मी खेळलो नाही, गुरुजी. त्यांनी बस म्हटले, तेव्हा नको म्हणालो."

"कसे म्हणालास?"

खाली मान घालून शिष्य म्हणाला, "पंगतीत म्हणतात तसे."

आचार्य त्याला रागे भरले नाहीत. "मग उद्यापासून मठाचे मीठ धक्क्यावरून नको, शेठजींच्या दुकानातून आण," ते म्हणाले, "आणि होडीच्या धक्क्यावरून जायची वेळ आली, तर परत केव्हा येणार ते मला सांगून जा."

खेळावेसे वाटलेच, तर सूज्ञाने आधी स्वतःला एवढे विचारावे: माझ्या उठण्याची वेळ मी कोणाला सांगून आलो आहे?