केवडी आणि तळातली घंटा

एक होती नदी. नदीकाठी होतं भोयांचं गाव. गावातली माणसं जाळी टाकायची, मासे धरायची नि सुखानं चार घास खायची. ए चिंगे, पाय पांघरुणात घे बघू. हं.

मग एकदा काय झालं, डोहात एक राक्षस येऊन राहिला. मेला महा हावरट! त्यानं नदीतले सगळे मासे गोळा केले, तळाशी एका गुहेत कोंडले नि गुहेच्या तोंडावर ही एवढी थोरली शिळा लावली. शिळेवर टांगली पितळेची घंटा. म्हणाला, "ही घंटा कुणी वाजवली तर शिळा सरकेल, नि मी नदी सोडून जाईन. वाजवा की!" आणि हसला खदाखदा.

मग गावातल्या धट्ट्याकट्ट्या गड्यांनी उड्या मारल्या. पण डोह केवढा खोल! अर्ध्यातच दम संपायचा. चुली थंड पडल्या. लेकरं रानातला पाला ओरबाडून खाऊ लागली.

त्या गावात केवडी नावाची एक पोर होती. तिचा दम असा, की तिनं बुडी मारली की काठावरची कोंबडी अंडं घालून मोकळी व्हायची, तरी ही आपली पाण्यातच! सगळे म्हणाले, "केवडे, तूच वाजवशील गं."

मग केवडीनं उडी मारली. सरसर खाली गेली. घंटा हाताशी आली, नि ही वळली की माघारी! वर येऊन म्हणाली, "पायात गोळा आला." पुन्हा गेली, पुन्हा वळली. म्हणाली, "पाणी गढूळ होतं." तिसऱ्या खेपेला तर घंटेला बोट लागलं. थंडगार पितळ! पण तिनं बोट झटकन मागं घेतलं नि तशीच वर आली. आता मात्र तिला बहाणाही सुचेना. काठाजवळच्या खडकावर बसली नि रडायला लागली.

खडकावर एक म्हातारं कासव ऊन खात पडलं होतं. ते म्हणालं, "बुडायला भितेस होय गं?"

"छे!"

"मग राक्षसाला?"

"त्याला कोण भितंय!"

"मग पायाला काय गुंडाळलंय ते बघ."

केवडीनं पाहिलं. घोट्याला हिरव्यागार शेवाळाचे तीन वेढे! ओढले, तुटेनात. कासव म्हणालं, "राक्षसाचं शेवाळ आहे ते, पोरी. मनात भीती दडवून ठेवली, की पाय धरतं. हरायची भीती नाही तुला. तुला भीती आहे जिंकायची. बोलून टाक."

केवडीनं शेवाळ पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "घंटा वाजली की सगळे मला मोठी म्हणतील. मग येसू माझ्याशी खेळायची नाही."

येसू म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण बरं का. काठावरच उभी होती. ती ओरडली, "अगं बये, भुकेनं उभं राहवत नाही, खेळतेय कसली! आधी घंटा वाजव, मग हवं तेवढं भांडू!"

गळला एक वेढा.

मग केवडी म्हणाली, "पुढं कसलंही संकट आलं की गाव माझ्याच दारात येईल. तेव्हा मला नाही जमलं तर?"

तिची आई कमरेएवढ्या पाण्यातून खडकापाशी आली. म्हणाली, "नाही जमलं तर नाही जमलं. तेव्हाही तू माझीच लेक. तुझं ताट वाढलेलंच असेल."

गळला दुसरा वेढा.

तिसरी भीती काही केल्या बाहेर येईना. शेवटी केवडी म्हणाली, "मला जमतं, हे मलाच कळेल. मग मी काय, साधी पोर, असं म्हणून मागं बसता यायचं नाही."

आई बघते येसूकडे. येसू बघते कासवाकडे. कासवानं तर मुंडकंच आत ओढून घेतलं! याचं उत्तर दुसरं कोण देणार, सांगा बरं?

केवडी पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं नाक पुसलं. उभी राहिली. म्हणाली, "कळू दे!"

आणि मारली उडी! शेवाळ सुटलं की नाही, बघायलाही थांबली नाही. खाली, खाली, आणखी खाली. राक्षस हात पसरून आडवा आला, तर ही मासोळीसारखी त्याच्या बगलेतून पार! दोन्ही हातांनी घंटेचा लोलक धरला नि हाणला. ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

डोह हादरला. शिळा गडगडली. मासेच मासे बाहेर उसळले, सगळं पाणी चांदीचं झालं! त्या लोटानं केवडीला वर उचललं नि काठावर अलगद आणून सोडलं. राक्षसानं कानांवर हात ठेवले नि पळत सुटला, तो थेट समुद्रापार.

मग काय विचारता! ढोल वाजले, येसूनं मिठी मारली, आईनं दृष्ट काढली. खुद्द राजा हत्तीवरून आला. म्हणाला, "मुली, काय हवं ते माग."

केवडी म्हणाली, "महाराज, याच्याहून खोल डोह कुठं आहे?"

राजाला कुठं ठाऊक! केवडी हसली. "असू द्या. मीच शोधते."

त्या दिवशी घरोघर रस्सा शिजला, गाव पोटभर जेवलं नि सुखानं लवंडलं. आता तुम्हीही लवंडा बघू. चिंगी तर कधीच झोपली.