पगडीपेक्षा उंच बांबू

करवंदगडच्या उदाजीराजांच्या बागेत एक बांबू हुकूम मोडायला निघाला होता.

राजे होते बुटके. त्यामुळे बागेत आपल्या पगडीपेक्षा उंच काही उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. भिवजी माळी जास्वंद, कण्हेर, डाळिंब सगळं छाटून राजांच्या खांद्याएवढं ठेवी. दरबारी मंडळी तर बागेत शिरतानाच कमरेत वाकत.

हा बांबू राणीसाहेबांच्या माहेरचा. पिवळ्याधमक कांड्या, त्यांवर हिरव्या रेघा. पहिली काही वर्षं त्याचं बेट बोटाएवढ्या काड्या घेऊन गुमान बसलं होतं. यंदाच्या पावसात मात्र कडेनं मनगटाएवढा कोंब फुटला आणि बघता बघता राजांच्या छातीला लागला.

हा पगडीच्या वर गेला तर तू राज्याबाहेर, असं राजांनी भिवजीला बजावलं. भिवजीनं कोयता उचलला, तोच राणीसाहेबांचा निरोप आला : माझ्या बांबूला कोयता लागला, तर मी माहेरी निघाले. राजे शत्रूला भीत नसत, पण राणीसाहेबांना भीत. त्यांनी घाईघाईनं हुकूम सुधारला. बांबू कापायचा नाही आणि पगडीच्या वर जाऊही द्यायचा नाही.

भिवजीनं कोंबावर मडकं उपडं घातलं. वाटलं, डोकं दाबलं की वाढ थांबेल. सकाळी पाहतो तो कोंब मडक्यासकट वीतभर वर! बिचारा घरी येऊन भांडीकुंडी बांधू लागला.

त्याची लेक ठकू बागेत जाऊन ते मडकं बघून आली आणि तशीच दरबारात गेली. तिनं राजांना विनवलं, की हुकूम पाळायचा तर महाराजांची पगडीच जवळ हवी, दुसऱ्या मापाचा काय भरवसा? राजांना ते पटलं. त्यांनी एक जुनी जरीची पगडी देववली. ठकूनं मडकं काढलं आणि ती पगडी कोंबाच्या शेंड्यावर नीट बसवली.

मग पावसानं झड लावली. राजे दरबारी मंडळींसह बागेत आले ते उघडीप झाल्यावरच. बघतात तर पगडी पार वाड्याच्या सज्ज्याच्याही वर पोचून वाऱ्यावर डुलतेय!

"आमची पगडी एवढ्या वर कोणी टांगली?" राजे गरजले.

"कोणी नाही, महाराज," ठकू म्हणाली. "बांबूनं ती डोक्यावर घेतलीय. आता तो आभाळाला टेकला, तरी महाराजांच्या पगडीच्या खालीच राहील."

"पण आम्ही इथं खाली आहोत!"

"हुकूम पगडीचा होता, महाराज. तुमचा नव्हता."

राजे मिशा चावू लागले. त्यांनी बेटाकडे बोट दाखवलं. बुडाशी नवे कोंब जमीन फोडून वर येत होते. "आणि हे?"

"त्यांच्यासाठी दरबारी मंडळींच्या पगड्या आहेत की."

वाकलेल्या मंडळींचे हात झटकन आपापल्या पगड्यांवर गेले. वर सज्ज्यात राणीसाहेब खळखळून हसल्या. राजांनी हसू दाबून पाहिलं, पण ते काही आवरेना. शेवटी पोट धरून ते तिथंच खाली बसले.

हुकूम तिथल्या तिथं रद्द झाला. भिवजीला गडाखालचा पाण्याचा मळा मिळाला, ठकूला राणीसाहेबांनी हातातल्या पाटल्या काढून दिल्या, आणि पगडी राजांनी बांबूलाच बक्षीस दिली. तशीही ती उतरवायला गडावरची शिडी पुरत नव्हती.