डोलीचं पद

"बायकांनी हे पद गवन्याला गायचं की नाही, ते आज तुम्ही एकदाचं सांगूनच टाका, बाबा."

शिवबालक मिसिर धापा टाकत होता. गावातून गंडकीच्या काठावरच्या मठीपर्यंत तो पळत आला होता. पळणं पंडिताच्या मुलाला शोभत नाही, हेही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मंगरूबाबा भोपळ्याच्या वेलाला काटक्यांचा आधार देत होते. त्यांची पदं साऱ्या भोजपुरी मुलखात गायली जात. साधू होण्याआधी ते कहार होते, डोल्या वाहायचे. मिसिर त्यांचा सगळ्यात हुशार शिष्य. हे लोकांना मिसिरनेच सांगितलेलं.

"कुठलं पद?"

"तुमचं डोलीचं. 'तनिका डोली रोक कहँरवा, नीमिया अबहीं लउकत बा.'"

जरा डोली थांबव रे कहारा, दारचा कडुनिंब अजून दिसतोय... सासरी निघालेली पोर म्हणते, एवढंच ते पद.

"मग? झालं काय?"

"तेतरीच्या लेकीचा, फुलेसरीचा आज गवना."

त्या भागात लग्न लहानपणी लागायचं आणि मुलगी मोठी झाली की सासरचे डोली घेऊन यायचे. तो गवना.

"पोर डोलीत बसली आणि तेतरीने हे पद धरलं. सासरा रामधनी महतो ताडकन उठला. म्हणाला, सुनेच्या निरोपाला मर्तिकाचं गाणं? ही डोली माझ्या दारात येणार नाही. कहारांनीही घाबरून डोली उचललीच नाही."

बाबांचे हात थांबले.

"पोर कुठे आहे?"

"डोलीतच. उतर म्हटलं तर उतरत नाही. गवन्याची डोली दारातून परत फिरली तर तिला पुन्हा कोण न्यायला येणार? म्हणून म्हणतो, तुम्ही चला आणि बायकांना चांगलं बजावून सांगा..."

"मिसिर, याआधी बायका हे पद गवन्याला म्हणत नव्हत्या?"

"म्हणायच्या. नेहमीच म्हणायच्या."

"तेव्हा डोल्या जायच्या?"

"जायच्या."

"मग ते मर्तिकाचं आहे, हे महतोला कोणी सांगितलं?"

मिसिर वेलाकडे बघू लागला.

"मीच... चैतात त्यांच्या गावी मी पदांचा अर्थ सांगितला होता. डोली म्हणजे तिरडी. कहार म्हणजे खांदेकरी. माहेर म्हणजे हा संसार. माणसं ढसाढसा रडली, बाबा. आणि अर्थ तर बरोबरच आहे ना?"

बाबांनी हात धोतराला पुसले, गमछा खांद्यावर टाकला आणि चालू लागले.

तेतरीच्या अंगणात सगळं गाव गोळा झालं होतं, पण आवाज कुणाचाच नव्हता. डोलीच्या लाल पडद्याआडून तेवढे हुंदके येत होते. तेतरी मातीत बसली होती, तोंडात पदराचा बोळा कोंबून. आपल्याच तोंडाने आपण लेकीचं वाईट केलं, असं त्या बाईला वाटत होतं. तिच्याकडे बघवत नव्हतं.

महतो बाबांच्या पाया पडला.

"राग मानू नका, बाबा. पण मला एकच मुलगा आहे. भीती वाटते."

"वाटणारच," बाबा म्हणाले. "पण गाणं माझं आहे, महतो. त्यात मरण असेल तर ते तुझ्या घरी कशाला जाईल? माझ्याकडे येऊ दे. तुझ्या दारापर्यंत डोलीला मी खांदा देतो."

"तुम्ही? या वयात?"

"माझ्यामागे मिसिर असेल."

"मी?" मिसिर दचकला. "बाबा, आमच्या घराण्यात आजवर कुणी..."

"खांदेकरी म्हणजे काय, ते तू फार छान सांगतोस म्हणे."

लोकांमध्ये कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाबांनी गमछ्याची घडी खांद्यावर ठेवली, वाकले आणि दांड्याखाली गेले. मिसिर त्यांच्यामागे, अगदी पडद्याला लागून. म्हातारा साधू दांड्याखाली उभा आहे म्हटल्यावर दोघं कहार ओशाळून मागच्या बाजूला आले.

महतोने बाबांच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग त्याने आपली काठी उचलली आणि पुढे चालू लागला.

डोली निघाली.

मिसिरचं पाऊल काही बसेना. डोली हिंदकळत होती. जरा वेळाने आतले हुंदके थांबले आणि रडक्या आवाजात पोर म्हणाली, "हळू ना हो, पंडितजी!"

"माझ्या पावलावर पाऊल टाक," बाबा पुढूनच म्हणाले. "बघायचं काही कारण नाही. नुसतं ऐक."

शिवेपाशी आले तेव्हा पडदा हलला.

"बाबा... जरा थांबता? कडुनिंब अजून दिसतोय."

ती गात नव्हती. साधं बोलत होती.

बाबा थांबले. एकदा उचललेली डोली शिवेच्या आत पुन्हा जमिनीला टेकवायची नाही, असा कहारांचा रिवाज. सगळेजण ओझं खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले.

पोर बघत होती. तिला घाई नव्हती.

मिसिरच्या खांद्यात दांडा रुतत होता. आता पुरे कर, बाई, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याला तिचा श्वास ऐकू आला, हातभर अंतरावरून. ती रडत नव्हती. झाड मनात भरून घेत होती. मिसिरने ओठ मिटले. त्याला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"चला," ती म्हणाली. पडदा पडला.

शीव मागे पडली. महतो पुढे चालत होता, तो आता मागे वळून बघत नव्हता. बऱ्याच वेळाने मिसिर हळूच म्हणाला,

"बाबा, खरं सांगा. हे पद केलंत, तेव्हा डोलीत कोण होतं? जीव... की कुणाची पोर?"

बाबा चालत राहिले. ओढा आला. बाबांनी पाण्यात पाय घातला, खालचा दगड चाचपला, मग पाऊल टाकलं.

"पडदा लावलेला होता, मिसिर. मी दांड्याखाली होतो."